समुद्राकाठचं जुनं धुराडं: सिमेंटची पोती उतरवून घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर सव्वाशे वर्षांचं विटांचं घर घेतलंय. दिवाणखान्यात फायरप्लेस आहे आणि छपराबाहेर निघालेलं उंच धुराडं. फायरप्लेसच्या वरच्या भिंतीवर तपकिरी डाग पडतात, गिलाव्याचे पोपडे निघतात, खाली पांढरी भुकटी साचते. गेल्या हिवाळ्यात दोनदा विस्तव पेटवला तर धूर खोलीतच भरला. रस्त्यावरून पाहिलं तर धुराडं वरच्या टोकाला किंचित कललेलं वाटतं. ठेकेदार येऊन पाहून गेला आणि त्याने निकाल दिला: बाहेरून सिमेंटचा गिलावा, त्यावर वॉटरप्रूफ रंग, आणि आतून एकदा ब्रश मारून घ्या. करावं का?

नको. ब्रश मारा, पण तो सगळ्यात आधी, आणि नुसता मारायचा म्हणून नाही. सिमेंट आणि रंग मात्र पूर्ण विसरा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत असाच एक सल्ला मी स्वतः दिला होता आणि कामही स्वतः केलं होतं. समुद्राच्या तोंडावरचं धुराडं, भुसभुशीत झालेले सांधे. मी ते वरवर खरवडून कडक सिमेंटने भरले, वरून पाणी न शिरणारा रंग मारला. काम इतकं गुळगुळीत झालं की फोटो काढून ठेवला. तिसऱ्या वर्षी त्याच घरी गेलो तेव्हा छपरावर विटांच्या कपच्या पडल्या होत्या. वर चढून एका विटेवर नुसता अंगठा दाबला, तर तिचा पुढचा अर्धा इंचाचा थर रंगासकट वहीच्या पुठ्ठ्यासारखा सुटून हातात आला. मागे ओली, लालभडक भुकटी होती आणि तिच्यात मिठाचे चमकणारे कण. सिमेंटचे सांधे मात्र जसेच्या तसे, जाळीसारखे पुढे उभे. वीट गेली आणि सांधा राहिला. व्हायला हवं होतं याच्या नेमकं उलट.

असं का होतं ते समजून घेतलं तर पुढचे सगळे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील, म्हणून इथे थोडा थांबतो.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार असतात. घरातली सगळ्यात उंच, चारही बाजूंनी उघडी आणि छपराचा आडोसा नसलेली जागा म्हणजे धुराडं, त्यामुळे हे मीठ सगळ्यात जास्त त्याच्याच वाट्याला येतं. मीठ विरघळलेलं असतं तोवर विटेला फारसा त्रास देत नाही. त्रास सुरू होतो ते वाळताना. पाणी उडून जातं आणि विटेच्या छिद्रांत स्फटिक वाढू लागतात, आणि वाढताना आजूबाजूच्या कणांना रेटतात. साध्या मिठाची गंमत अशी की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढून विरघळतं आणि खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. किनाऱ्यावर रात्री दमट आणि दुपारी कोरडं हे चक्र कित्येक दिवस रोज चालतं. म्हणजे पावसाचा थेंब न पडताही तुमचं धुराडं आतून रोज थोडं थोडं कुरतडलं जातंय. गवंडी याला ‘लोणा लागला’ म्हणतात.

जुन्या गवंड्यांना हे रसायन ठाऊक नसेल, पण उपाय ठाऊक होता. विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असा चुन्याचा सांधा. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला सोपी वाट शोधतं, ती चुन्यातून मिळते, मीठही तिथेच साचतं. पन्नास-साठ वर्षांनी सांधा झिजतो, तो खरवडून नवा भरायचा. सांधा मरतो आणि वीट वाचते. सिमेंटने ही वाट बंद केली की पाणी विटेतून बाहेर पडायला लागतं आणि मिठाचा मारा विटेवर येतो. वरून रंग मारला तर स्फटिक रंगाच्या मागे वाढतात आणि विटेचं तोंडच उडवतात. माझ्या त्या ‘सुंदर’ कामात दोन्ही गोष्टी होत्या.

चुना खाऱ्या पाण्यात टिकत नाही असं कोणी सांगेल, तर त्याला एडिस्टनच्या दीपगृहाची गोष्ट सांगा. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने १७५६ ते १७५९ या काळात भर समुद्रातल्या खडकावर दगडी दीपगृह बांधलं. त्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणचे चुनखडक भाजून पाहताना त्याच्या लक्षात आलं की ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो. तो चुना आणि इटलीतली ज्वालामुखीची राख मिसळून त्याने सांधे भरले. शंभरावर वर्षांनी ते दीपगृह बदलावं लागलं, पण बांधकाम ढासळलं म्हणून नाही, तर खालचा खडक लाटांनी पोखरला म्हणून. वरचा भाग उतरवून प्लिमथला पुन्हा उभा केला, तो आजही आहे. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने घेतलं ते १८२४ साली, आणि घरगुती बांधकामात ते सर्रास वापरात यायला आणखी बराच काळ गेला. तुमचं घर मुळात चुन्यातच बांधलेलं असण्याची शक्यता दाट आहे.

आता तुमच्या भिंतीकडे. हात लावण्याआधी महिनाभर एक वही ठेवा. डाग कधी गडद होतो, तेवढंच लिहायचं. जोराचा पाऊस झाल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी गडद होत असेल तर पाणी वरून येतंय: माथ्यातून, उघड्या नळीतून (धुराड्याच्या आतली, धूर जाण्याची पोकळी) किंवा छपराच्या सांध्यातून. पण पाऊस नसताना, नुसती हवा दमट झाली की ओल दिसत असेल आणि कोरड्या दिवशी नाहीशी होत असेल, तर गळती नाही. गिलाव्यातच क्षार मुरलेत आणि ते हवेतलं पाणी ओढतायत. वर्षानुवर्षं धुरातून आलेले क्षार आणि डांबरासारखा चिकटा ओलाव्यासोबत विटांतून गिलाव्यापर्यंत पोचतो, तपकिरी डाग त्याचाच. अशा डागावर कितीही रंग मारा, तो महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा डोकं वर काढतो. बहुतेक जुन्या किनारी घरांत दोन्ही कारणं एकत्र असतात, म्हणून वही. मी गेल्या गेल्या छपरावर चढत नाही, आधी ही वही मागतो.

मग सफाई. दुरुस्तीच्या आधी सफाई का, असं विचाराल तर काजळीच्या थराखाली काय आहे ते दिसतच नाही. शिवाय काजळी स्वतःच गुन्हेगार असू शकते. पूर्वी त्या फायरप्लेसमध्ये दगडी कोळसा जळला असेल तर काजळीत गंधकाचा अंश असतो. ओल आली की त्यातून आम्लं आणि सल्फेट बनतात आणि आतून बाहेर झिरपत जातात. लाकूड जळलं असेल तर धूर थंड नळीत गोठून डांबरासारखा थर धरतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. धुराचं तापमान साधारण १२० अंश सेल्सियसच्या खाली आलं की हा थर भराभर साचतो. ओलं लाकूड, अर्धवट दाबून ठेवलेला विस्तव आणि बाहेरच्या भिंतीतलं गार धुराडं, हे तिन्ही एकत्र आले की झालंच. तो थर पेटला तर नळीच्या आत हजार अंशांच्या वर आग जाते. ज्यांनी ती ऐकली आहे ते सांगतात, घरातून आगगाडी गेल्यासारखा आवाज येतो. विझल्यावर बाहेरून काही दिसत नाही, पण आतल्या मातीच्या नळ्या तडकलेल्या असतात. थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला की सफाई हवी, हा धंद्यातला सर्वमान्य अंदाज. तपासणी मात्र काजळी असो वा नसो, वर्षातून एकदा. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं २११ क्रमांकाचं मानकही हेच सांगतं.

सफाईवाल्याला बोलवाल तेव्हा त्याच्या ब्रशकडे नाही, बादलीकडे लक्ष द्या. मी कामगारांना सांगून ठेवलंय की खाली पडलेला माल मी पाहिल्याशिवाय टाकायचा नाही. एका जुन्या वर्तमानपत्रावर पसरायचा आणि वाचायचा. काळी, कोरडी, पिठासारखी भुकटी असेल तर उत्तम, नळी निरोगी आहे आणि विस्तव नीट जळतो. काळे, चमकदार, काचेसारखे तुकडे म्हणजे क्रिओसोट कडक झालंय. ते साध्या ब्रशने निघत नाही, फिरत्या साखळ्यांचं यंत्र लागतं आणि ते जुन्या विटांवर जपून वापरावं लागतं. वाळूचे कण आणि चुन्याची पांढरट भुकटी मूठभर असेल तर आतले सांधे सुटतायत. लालसर, एका बाजूला गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला खडबडीत खापरी म्हणजे मातीची नळी फुटली. काटक्या, पिसं, गवत म्हणजे घरटं. (चिमणी हे नाव धुराड्याला पडलं, पण आत बहुतेक वेळा कावळ्याच्या जातीचे पक्षी सापडतात, आणि ते काटक्या टोपलीभर नाही तर पोतंभर आणतात.) घरट्यात पिल्लं असतील तर थांबा. अनेक देशांत विणीच्या काळात घरटं काढणं कायद्याने गुन्हा आहे.

ब्रशबद्दल एकच. मातीच्या नळीला पोलादी तारांचा ब्रश चालतो. आत स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे नळीचं अस्तर, असेल तर नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचाच हवा, कारण पोलादी तारांचे बारीक कण स्टेनलेसवर रुततात आणि खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो. आणि काठ्या आट्यांनी जोडलेल्या असतील तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवायच्या. उलट फिरवल्या की ब्रश वरच सुटतो आणि तो काढायला भिंत फोडावी लागते. हसू नका, मी दोनदा फोडली आहे.

काजळी अंगावर घेऊ नका. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यचिकित्सकाने धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचं कारण काजळी असल्याचं दाखवलं. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही अगदी सुरुवातीची नोंद. त्या काळी लहान मुलांना नळीत चढवत असत. नीट बसणारा मास्क, हातमोजे आणि फायरप्लेसच्या तोंडाला चिकटवलेलं प्लास्टिक, एवढं किमान. जुन्या घरात कुठे राखाडी, तंतुमय दोरी किंवा सिमेंटसारखा पाइप दिसला तर तो न खरवडता आधी अ‍ॅस्बेस्टॉसची चाचणी करून घ्या.

सफाई झाली की त्याच दिवशी नळीत कॅमेरा सोडा आणि त्याची फीत मागून घ्या. भेगा, निखळलेल्या विटा, नळीला टेकलेल्या लाकडी तुळया पाहायच्या. जुन्या बांधकामात तुळईचं टोक सरळ धुराड्याच्या भिंतीत घुसवलेलं सापडतं. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड मूळ लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेतं, म्हणून ‘शंभर वर्षं काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. त्यानंतर धुराची चाचणी: खाली धुराची गोळी पेटवायची, वरचं तोंड झाकायचं आणि वरच्या मजल्यावर, माळ्यावर कुठे धूर झिरपतो ते पाहायचं. तो कुठेही दिसला तर लायनर बसेपर्यंत विस्तव बंद. याला अपवाद नाही.

धूर खोलीत भरण्याचं कारण दरवेळी काजळी नसतं. आधी मोजा. फायरप्लेसचं तोंड ९० सेंटीमीटर रुंद आणि ७५ उंच असेल तर क्षेत्रफळ ६७५० चौरस सेंटीमीटर. नळीचं क्षेत्रफळ त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं हवं, म्हणजे ६७५, म्हणजे सुमारे २६ बाय २६. जुन्या घरांत नळी बऱ्याचदा २३ बाय २३ असते, ५२९ चौरस सेंटीमीटर. मग तेवढ्या नळीला तोंड जास्तीत जास्त ५९ सेंटीमीटर उंच चालेल. नळी मोठी करता येत नाही, पण तोंड लहान करता येतं. विस्तव धुमसत असताना एक पत्रा तोंडाच्या वरच्या काठाला धरा आणि हळूहळू खाली आणा. ज्या उंचीला धूर खोलीत यायचा थांबतो तिथे खूण करा. तेवढ्या रुंदीची पट्टी कायमची बसवली की काम झालं. हा प्रयोग फुकट आहे आणि अर्ध्या लोकांचा प्रश्न त्यातच सुटतो.

उरलेल्यांचा प्रश्न वाऱ्याचा किंवा हवेचा. खिडक्या-दारं नव्याने घट्ट बसवली असतील आणि स्वयंपाकघरात जोराचा एक्झॉस्ट पंखा असेल, तर घर हवा ओढायला धुराड्याचाच वापर करतं आणि धूर उलटा येतो. खिडकी दोन बोटं उघडून पाहा. फरक पडला तर उत्तर मिळालं. उंचीचाही संबंध असतो. अमेरिकेतल्या बांधकाम संहितांमधला जुना नियम असा की धुराडं छपरातून बाहेर पडतं तिथून किमान तीन फूट वर हवं आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो काही भाग असेल त्यापेक्षा किमान दोन फूट उंच. तुमचं आधीच कललेलं असल्याने उंची वाढवायचा विचार आत्ता मनातही आणू नका.

कललेलं का असावं? माझा अंदाज: मधल्या काळात कोणीतरी वरच्या सांध्यांत सिमेंट भरलंय. काजळीतले सल्फेट ओलाव्याबरोबर बाहेर येतात, सिमेंटमधल्या अ‍ॅल्युमिनेटशी त्यांची प्रक्रिया होते आणि जागा जास्त व्यापणारे स्फटिक तयार होतात. सांधा फुगतो. पाऊस ज्या बाजूने झोडपतो ती बाजू जास्त ओली, म्हणून तिथले सांधे जास्त फुगतात, आणि धुराडं कोरड्या बाजूकडे झुकतं. खात्री करायची तर आडव्या सांध्यांत भेगा पाहा: ओल्या बाजूला ओळीने आडव्या भेगा असतील तर हेच. ओळंबा लावून किती कललंय ते मोजा, तारखेसह लिहा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा वाढत असेल, किंवा वाऱ्यात हात लावल्यावर हलल्यासारखं वाटत असेल, तर संरचना अभियंत्याला दाखवून छपराच्या वरचा भाग उतरवून घ्या आणि चुन्यात पुन्हा बांधा. ऐकायला भीती वाटते, पण छपरापासून वरचा तुकडा काही मोठं बांधकाम नसतं, आणि जुन्या चांगल्या विटा पुन्हा वापरता येतात. फक्त काजळलेली बाजू बाहेर किंवा घराच्या आतल्या गिलाव्याकडे येता कामा नये, ती नळीकडेच ठेवा. नाहीतर नव्या गिलाव्यावर जुना तपकिरी डाग पुन्हा उठेल.

कल स्थिर असेल तर वरून खाली या क्रमाने दुरुस्ती. शिडीवरून नाही, परांची बांधून. शिडीवर उभा असलेला माणूस घाईत काम करतो, आणि या कामात घाई म्हणजे पैसे पाण्यात.

सगळ्यात वर टोपी आणि जाळी. समुद्राकाठी ३१६ दर्जाचं स्टेनलेस मागा. ३०४ दिसायला तसंच असतं, पण ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठातल्या क्लोराइडपुढे तेच टिकतं. त्याखाली माथा, म्हणजे नळीच्या भोवतीचा उतार. तो भिंतीपासून चार-पाच सेंटीमीटर बाहेर आलेला असावा आणि खालच्या अंगाला बोटाएवढी खाच असावी, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता टपकेल. नळी आणि माथा यांच्यात लवचीक भरावाची फट ठेवा. नळी तापून लांबते आणि फट नसेल तर माथ्याला तडा देते. मग छपराशी असलेला जोड, फ्लॅशिंग. इथे शिशाचा पत्रा सगळ्यात भरवशाचा. अ‍ॅल्युमिनियमला ताजा चुना आणि सिमेंट दोन्ही खातात आणि मीठ तर खातंच. गळतीच्या तक्रारींत मी आधी इथेच पाहतो.

दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरायला घेताना जुना माल सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट आणि किमान २० ते २५ मिलिमीटर खोल काढायचा, छिन्नी-हातोडीने. अरुंद सांध्यात कटर घातला की विटांच्या कडा जातात आणि त्या परत येत नाहीत. धूळ कुंच्याने काढा, सांधा पाण्याने ओलसर करा, पण चमकेल इतका ओला नको. माल म्हणजे नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्यातही घट्ट होणारा) चुना आणि चाळलेली, टोकदार कणांची वाळू, साधारण एकास अडीच ते तीन. हा चुना २, ३.५ आणि ५ अशा वर्गांत मिळतो. आकडा जितका मोठा तितका तो कडक. छपराच्या वर, वाऱ्या-पावसाच्या तोंडी मी सहसा ३.५ घेतो. वीट खूपच मऊ असेल तर तोही जड पडतो. ५ घ्यायचा मोह होतो, कारण तो ‘मजबूत’ वाटतो. हा तोच मोह, ज्याने मला सिमेंट भरायला लावलं होतं. आणि कितीही जवळ असली तरी किनाऱ्यावरची वाळू वापरू नका. जे मीठ घालवायला बसलोय तेच पोत्याने आत भरणं होईल.

चुना भरल्यावरची काळजी हीच खरी मेहनत आहे, आणि ठेकेदार नेमकी तीच चुकवतो. ऊन आणि वारा थेट लागला तर चुना घट्ट व्हायच्या आधीच वाळतो आणि खडूसारखा भुसभुशीत राहतो. ओलं गोणपाट टांगायचं, किमान आठवडाभर, आणि ते ओलं राहतंय का ते सकाळ-संध्याकाळ पाहायचं. तापमान पाच अंशांच्या खाली जाण्याची शक्यता असेल तर काम पुढे ढकला. सांधा बोटाच्या नखाने दाबून अजून खूण उमटते अशा अवस्थेत कडक केसांच्या कुंच्याने ठोकून घेतला की पृष्ठ उघडं राहतं आणि वाफ बाहेर पडते. थापीने घासून चकचकीत करणाऱ्याला हात धरून थांबवा.

भिंतीवरची पांढरी भुकटी पाण्याने धुऊ नका. धुतली की क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात. कोरड्या कुंच्याने झाडायची आणि व्हॅक्यूमने गोळा करून घराबाहेर टाकायची. पुन्हा उठेल, पुन्हा झाडायची. वरची गळती थांबल्यावर दर वेळी ती कमी होत जाते. आतला खराब गिलावा डागाच्या कडेपासून वीतभर पलीकडेपर्यंत उतरवा, भिंत काही महिने उघडी ठेवा, आणि मग चुन्याचाच गिलावा करून वर चुन्याची सफेदी द्या. फायरप्लेसवरच्या लोखंडी लिंटेलला, म्हणजे तोंडावर विटा पेलणाऱ्या आडव्या पट्टीला, गंज असेल तर तोही याच वेळी पाहा. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि वरच्या विटा उचलतो. तोंडाच्या वरच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या तिरप्या भेगा बहुतेक त्याच्याच असतात.

घरात आणखी धुराडी असतील आणि ती वापरात नसतील, तर ती वरून-खालून बंद करून टाकू नका. वर पावसापासून टोपी, खाली तळहाताएवढी जाळी, मधून हवा फिरत राहिली पाहिजे. बंद केलेल्या नळीत ओल कोंडते आणि तिथल्या काजळीचे डाग शेजारच्या खोलीत निघतात.

जाळायचं लाकूड वर्षभर छपराखाली वाळवलेलं, ओलावा २० टक्क्यांच्या आत असलेलं. ओलावा मोजायचं यंत्र स्वस्त मिळतं. टोकं ओंडका फोडून आतल्या बाजूला टोचायची, सालीवर नाही. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेलं लाकूड मोहात पाडतं. फुकटचं असतं, निळी-हिरवी ज्योत देतं, मुलं खूश होतात. ते जाळू नका. त्यातल्या मिठाच्या क्लोराइडने स्टीलचा लायनर सडतो आणि धुरात डायऑक्सिनसारखी विषारी संयुगं येतात.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म फायरप्लेसच्या खोलीत एक आणि झोपायच्या खोलीजवळ एक. या वायूला ना वास, ना रंग. हा खर्च बाकी सगळ्या कामांच्या आधी करा.

आणि सगळं झाल्यावर लगेच मोठा जाळ घालू नका. नव्या चुन्याला निदान महिनाभर द्या. मग पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचे दोन बोळे, नळी गरम करण्यापुरते. डँपर (नळी उघडण्या-मिटण्याची झडप) पूर्ण उघडा, खिडकी थोडी किलकिली. दुसऱ्या दिवशी मूठभर काटक्या, तिसऱ्या दिवशी एक ओंडका. प्रत्येक वेळी वरच्या भिंतीला हाताने चाचपून पाहा, कोमट लागणं ठीक, हात ठेवता येत नसेल तर विस्तव विझवा आणि मला कॅमेऱ्याची फीत दाखवा. ठेकेदाराला फोन कराल तेव्हा त्याला एवढंच विचारा: सांध्यात कोणता चुना भरणार आणि गोणपाट किती दिवस ओलं ठेवणार? तो हसला किंवा ‘चुन्याचा जमाना गेला’ म्हणाला, तर दुसरा शोधा.